भूगर्भातील खनिजे आणि अल्पभूधारकाचे हक्क

(देवळाली प्रवरा येथे परिसरातील पंचायत सदस्य, शिक्षक आणि महसूल व ग्रामविकास विभागांचे कर्मचारी यांच्यासमोर झालेल्या भाषणाचा मजकूर)



प्रवरेच्या उजव्या कालव्याखालील या भागात जमिनीचा विषय निघाला की बोलणे ऊस, पाण्याची पाळी, बांध आणि वाटणी यांकडे वळते. भंडारदऱ्याचे धरण १९२६ साली पुरे झाले. तेव्हापासून येथील शेतकऱ्याने पाण्याचा हिशेब आणि जमिनीचा कस या दोन्ही गोष्टी पिढ्यान्‌पिढ्या अभ्यासल्या आहेत. सातबाऱ्यावरील प्रत्येक नोंद त्याला तोंडपाठ असते. परंतु जमिनीच्या वरच्या दोन-चार हातांखाली जे काही आहे ते कोणाचे, ते काढण्याची परवानगी कोण देतो आणि त्याचे पैसे कोणाला मिळतात, हा प्रश्न निघाला म्हणजे जाणता खातेदारही अडखळतो.

हा प्रश्न आता वारंवार निघू लागला आहे. रस्त्याचे काम करणारा ठेकेदार मुरमाड टेकाड पाहून खातेदाराकडे येतो आणि मुद्रांकाच्या कागदावर करार करू, असे सांगतो. वीटभट्टीवाल्याला पोयट्याची माती हवी असते, तर खडी यंत्रवाल्याला काळा दगड. कोठे एखादे सर्वेक्षण पथक तारा, पेट्या आणि यंत्रे घेऊन शेतात उतरते आणि जमिनीखाली तेल सापडले, आता जमिनी जाणार, अशी आवई गावात उठते. अशा प्रत्येक वेळी दोन एकरांच्या धन्याला नीट सल्ला देणारे माणूस गावातच असावे, यासाठी हा विषय आज आपल्यापुढे मांडावयाचा आहे.

जमीन कोणाची, खनिज कोणाचे?

आपल्या राज्यात या प्रश्नाचे उत्तर कायद्याने स्पष्ट दिलेले आहे. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ च्या कलम ४८ नुसार, शासनाने दिलेल्या अनुदानाच्या अटींत वेगळे स्पष्टपणे नमूद केलेले नसेल, तर खनिज भूपृष्ठावर असो वा भूगर्भात असो, त्यावरील हक्क राज्य शासनाकडे निहित आहे. ही तरतूद एकाएकी आलेली नाही. मुंबई इलाख्याच्या १८७९ च्या जमीन महसूल संहितेतही खाणी व खनिजे यांवरील सरकारचा हक्क राखून ठेवलेला होता. म्हणजे कबजेदाराला जमीन कसण्याचा, विकण्याचा आणि वारसांना देण्याचा हक्क आहे. खनिजाचा हक्क मात्र त्या कब्जाबरोबर त्याच्याकडे येत नाही.

येथे एक शंका सुशिक्षित मंडळी काढतात. केरळमधील थ्रेसिअम्मा जेकब यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ८ जुलै २०१३ रोजी असा निर्णय दिला की, कायदेशीर मार्गाने काढून घेतला नसेल तर भूगर्भावरील हक्क सामान्यतः जमिनीच्या मालकीबरोबर जातो. मग महाराष्ट्रातील शेतकऱ्याला तो न्याय का लागू नये? तो निर्णय मलबारमधील जन्मी पद्धतीच्या जमिनींविषयी होता आणि तेथे खनिजांवरील हक्क सरकारकडे घेणारी तरतूद नव्हती, हे ध्यानात ठेवले पाहिजे. महाराष्ट्रात तशी तरतूद कलम ४८ च्या रूपाने स्पष्ट शब्दांत आहे. यास्तव त्या निर्णयाची वर्तमानपत्री बातमी हाती धरून आपल्याकडील खातेदाराने मुरूम विकावयास निघणे धोक्याचे आहे.

दुसरा गैरसमज परदेशातील ऐकीव माहितीतून येतो. अमेरिकेच्या अनेक राज्यांत भूपृष्ठाच्या धन्याकडे खालच्या तेलाची व खनिजांचीही मालकी असू शकते. तो हा हक्क जमिनीपासून वेगळा काढून विकू शकतो, कंपनीला पट्ट्याने देऊ शकतो आणि निघणाऱ्या तेलावर स्वामित्वधन घेऊ शकतो. तेथे स्थायिक झालेल्या आप्तांकडून अशा गोष्टी कानावर आल्या की आपल्या गटाखालचे खनिज आपणही भाड्याने देऊ, असे कोणाला वाटल्यास नवल नाही. परंतु जगातील बहुतेक देशांची रीत अमेरिकेहून निराळी आहे. ग्रेट ब्रिटनमध्येही १९३४ च्या कायद्याने भूगर्भातील खनिज तेल व नैसर्गिक वायू राजसत्तेच्या मालकीचे ठरविण्यात आले. आपल्याकडे खनिजाचा पट्टा देणारे शासन आहे आणि स्वामित्वधनही शासनालाच भरावयाचे असते.

मग लहान खातेदाराच्या हाती काय उरते? पुष्कळ उरते. भूपृष्ठ त्याचे आहे. खासगी जमिनीतील गौण खनिजासाठी अर्ज करताना जमीनधारकाची संमती जोडावी लागते. शासनाने वा शासनाच्या पट्टेदाराने खनिजासाठी भूपृष्ठ व्यापले किंवा त्याची नासधूस केली, तर नुकसानभरपाई द्यावी लागते, असे कलम ४८ मध्येच म्हटले आहे. ती भरपाई जिल्हाधिकारी ठरवितात आणि त्यांचा निर्णय मान्य नसेल तर दिवाणी न्यायालयाचा मार्ग खुला असतो. संमती, भरपाई आणि या दोहोंची लेखी नोंद, ही खातेदाराची खरी मिळकत होय. ती त्याने अजाणतेपणी एका सहीने गमावू नये, एवढेच आजच्या प्रतिपादनाचे सार आहे.

शेतात येणारी भूकंपीय चाचणी

आता सर्वेक्षण पथकांविषयी. मडके विकत घेताना आपण ते बोटाने वाजवून पाहतो आणि नादावरून ते पक्के की तडकलेले हे ओळखतो. भूकंपीय चाचणीचे तत्त्व याहून फारसे निराळे नाही. जमिनीत लहान भोक पाडून त्यात थोडी स्फोटके उडवितात किंवा जड वाहनावर बसविलेल्या यंत्राने जमिनीला कंप देतात. त्या लहरी खाली जातात, खडकांच्या थरांवर आदळून परततात आणि ओळीने मांडलेली जिओफोन नावाची संवेदक उपकरणे त्यांची नोंद घेतात. लहरीला परतण्यास किती वेळ लागला यावरून कोणता थर किती खोल आहे याचा अंदाज बांधला जातो. या पद्धतीने तेल दिसत नाही. तेल साचू शकेल असे खडक व त्यांची ठेवण तेवढी कळते.

आपल्या राज्यात अशा चाचण्यांना जुना इतिहास आहे. १९६७ च्या कोयना भूकंपानंतर हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकीय संशोधन संस्थेने सत्तरच्या दशकात कोयना परिसरात खोल भूकंपीय सर्वेक्षण केले. १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर तेथे छिद्र घेण्यात आले, तेव्हा काळ्या बेसाल्ट खडकाची जाडी सुमारे ३३८ मीटर आढळली. कोयना भागात गोठणे येथे २०१६-१७ मध्ये सुमारे तीन किलोमीटर खोल छिद्र घेतले गेले, तेथे हीच जाडी सुमारे सव्वा किलोमीटर निघाली. अहिल्यानगर जिल्हाही याच दख्खनच्या बेसाल्टावर वसलेला आहे. नदीकाठी त्यावर गाळाची माती साचली आहे, एवढेच. या लाव्हाच्या थरांखाली आणखी जुने गाळाचे खडक कोठे दडले आहेत, हा भूवैज्ञानिकांच्या कुतूहलाचा विषय आहे. देशात २०१६ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय भूकंपीय सर्वेक्षण कार्यक्रमात ४८,२४३ किलोमीटर लांबीच्या रेषांचे उद्दिष्ट ठरविण्यात आले आणि ते काम तेल व नैसर्गिक वायू महामंडळ आणि ऑइल इंडिया या सार्वजनिक कंपन्यांकडे सोपविण्यात आले. या कार्यक्रमात दख्खनच्या बेसाल्टाखालील खोऱ्याचाही समावेश होता.

तेव्हा एखाद्या शेतातून अशी रेषा गेली म्हणजे तेथे तेल सापडले, असा अर्थ होत नाही. आणि जमिनीचे संपादन सुरू झाले, असाही होत नाही. पथक बहुधा थोड्या दिवसांत पुढे जाते. मात्र तेवढ्या दिवसांत उभे पीक तुडविले जाऊ शकते, ठिबकच्या नळ्या तुटू शकतात, बांध फुटू शकतो आणि भोक नीट बुजविले नाही तर जनावराचा पाय अडकू शकतो. मोठ्या कामाच्या हिशेबात ही हानी किरकोळ असली तरी अर्ध्या एकरावर कांदा लावणाऱ्या खातेदाराचा तो सगळा हंगाम असतो.

खनिज तेलाच्या शोधाची अनुज्ञप्ती १९४८ च्या तेलक्षेत्र अधिनियमाखाली दिली जाते आणि जमिनीवरील क्षेत्रात तिच्यात राज्य शासनाचाही अधिकार आहे. इतर खनिजांचा शोध १९५७ च्या खाणी व खनिजे अधिनियमाखाली येतो. त्या अधिनियमाच्या कलम २४-अ ने परवानाधारकास जमिनीत प्रवेश करण्याचा हक्क दिला आहे आणि त्याबरोबरच भूपृष्ठाच्या कबजेदारास होणाऱ्या हानीची भरपाई देण्याचे दायित्वही त्याच्यावर टाकले आहे. घरात अथवा घराला लागून असलेल्या कुंपणातील अंगणात वा बागेत कबजेदाराच्या संमतीवाचून शिरावयाचे असेल, तर किमान सात दिवसांची लेखी सूचना दिली पाहिजे, असेही त्यात नमूद आहे. स्फोटके बाळगण्यासाठी व वापरण्यासाठी वेगळा परवाना लागतो. तो देणाऱ्या केंद्रीय संघटनेचे मुख्यालय आपल्याच राज्यात, नागपूर येथे आहे.

पथक गावात आल्यावर भांडण करण्याचे कारण नाही आणि मुकाट बसण्याचेही नाही. प्रथम त्यांच्याकडील परवानगीचे पत्र पाहावे आणि त्यातील गावे व मुदत वाचावी. ज्या गटांतून रेषा जाणार त्यांचे क्रमांक लिहून घ्यावेत. काम सुरू होण्यापूर्वी पीक, विहीर, कूपनलिका आणि बांध यांची स्थिती दाखविणारा पंचनामा तलाठ्यासमक्ष, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्यासमक्ष, करून घ्यावा. भोकांच्या जागा विहिरींपासून व घरांपासून पुरेशा दूर आहेत ना, हे विचारावे. काम संपल्यावर भोके बुजविल्याची खात्री करून दुसरा पंचनामा करावा. भरपाईची रक्कम कोणत्या पिकासाठी व किती क्षेत्रासाठी दिली, हे पावतीवर लिहिलेले असावे. कोऱ्या किंवा इंग्रजीतील न समजलेल्या कागदावर मात्र कोणीही सही अथवा अंगठा करू नये.

मुरूम, दगड आणि माती

तेलाची चाचणी क्वचित येते. मुरमाची मागणी मात्र बारमाही असते. मुरूम, दगड, वाळू, विटांची माती ही गौण खनिजे होत. त्यांचे नियमन महाराष्ट्र गौण खनिज उत्खनन (विकास व विनियमन) नियम, २०१३ प्रमाणे होते. परवान्याचे प्रमाण पाहून तहसीलदार, प्रांत अधिकारी किंवा जिल्हाधिकारी यांच्याकडे अर्ज करावयाचा असतो, स्वामित्वधन आगाऊ भरावे लागते आणि वाहतुकीचे पास महाखनिज या संगणकीय प्रणालीतून निघतात. सर्वोच्च न्यायालयाच्या २७ फेब्रुवारी २०१२ च्या दीपक कुमार प्रकरणातील निर्णयानंतर पाच हेक्टरांपेक्षा लहान खाणपट्ट्यांनाही पर्यावरण अनुमतीची अट आली.

खातेदाराचा घात बहुधा पुढीलप्रमाणे होतो. ठेकेदार करार करून काही हजार रुपये हातावर ठेवतो. परवाना मी पाहून घेतो, असे तोंडी सांगतो. यंत्र रात्रीतून खोदून जाते. पुढे तक्रार होते, मोजणी होते, गट क्रमांकासह पंचनामा होतो आणि नोटीस ज्याचे नाव सातबाऱ्यावर आहे त्याच्या दारी येते. कलम ४८ नुसार विनापरवाना काढलेल्या खनिजाच्या बाजारमूल्याच्या पाचपटीपर्यंत दंड होऊ शकतो. दंड भरला नाही तर तो जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसूल होतो आणि सातबाऱ्याच्या इतर हक्कांत बोजा चढतो. मग सोसायटीचे पीककर्जही अडते.

हिशेब करून पाहिला म्हणजे या गोष्टीचे गांभीर्य ध्यानी येईल. वीस मीटर लांब, वीस मीटर रुंद आणि तीन मीटर खोल खड्डा जेमतेम चार गुंठ्यांत बसतो. त्यातून १,२०० घनमीटर माल निघतो. एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट, अर्थात २.८३ घनमीटर. तेव्हा हा माल सुमारे ४२४ ब्रास झाला. केवळ उदाहरणादाखल ब्रासचा बाजारभाव ५०० रुपये धरला, तर मालाची किंमत २ लाख १२ हजार रुपये होते आणि तिची पाचपट १० लाख ६० हजार रुपये. चार गुंठ्यांच्या खड्ड्यापायी उरलेली दोन एकर जमीन विकण्याची पाळी येऊ शकते, ती अशी. शिवाय वरचा मातीचा थर एकदा गेला म्हणजे तो एका पिढीत परत येत नाही, हे कृषी विद्यापीठाच्या सान्निध्यात राहणाऱ्या राहुरी तालुक्यात निराळे सांगण्याची गरज नाही.

याचा अर्थ शेतकऱ्याने आपल्या शेतात कुदळही मारू नये, असा नाही. प्रमोटर्स अँड बिल्डर्स असोसिएशन ऑफ पुणे यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ३ डिसेंबर २०१४ रोजी म्हटले की, साधी माती गौण खनिज ठरते की नाही हे तिचा उपयोग कशासाठी झाला यावर अवलंबून असते. खोदाई झाली एवढ्यावरून दंड लावता येत नाही. शेताचे सपाटीकरण करताना उंचवट्याची माती त्याच गटातील सखल भागात टाकणे आणि तीच माती वाहनात भरून बाहेर विकणे, या दोन भिन्न गोष्टी आहेत. २०१७ पासूनच्या गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार योजनेत तलावातील गाळ शेतात नेण्यास शासनानेच उत्तेजन दिले आहे. अशा कामांतही आधी अर्ज देऊन पोच घेतलेली बरी, कारण पुढे वाद झाल्यास तीच पोच कामी येते.

ज्याला रीतसर परवाना काढून मुरूम वा दगड द्यावयाचा आहे, त्याने करारात काही गोष्टी लिहून घ्याव्यात: परवाना कोणाच्या नावे आहे व त्याचा क्रमांक काय, किती क्षेत्र व किती खोलीपर्यंत खोदाई होणार, स्वामित्वधन कोण भरणार, खातेदाराला भूपृष्ठाचा मोबदला किती व केव्हा मिळणार, वरची माती बाजूला काढून पुन्हा पसरून देण्याची जबाबदारी कोणाची. जमीन सामाईक असेल तर सर्व सहधारकांच्या सह्या हव्यात. बहिणींची नावे सातबाऱ्यावर असतील तर त्यांच्याही हव्यात. जमीन भोगवटादार वर्ग दोनची असेल तर आधी महसूल कार्यालयात विचारणा करावी.

वाळूकडून दगडाकडे

मुळा आणि प्रवरा यांच्या पात्रांतील वाळूने या जिल्ह्याला पुष्कळ शिकविले आहे. पात्रातील वाळू पावसाळ्याचे पाणी धरून ठेवते आणि काठच्या विहिरींना ते पुरवीत राहते. वाळू उपसली गेली की विहिरींची पातळी खाली जाते. वाळूचा व्यवहार सरळ व्हावा म्हणून १ मे २०२३ रोजी शेजारच्या श्रीरामपूर तालुक्यात नायगाव येथे शासकीय वाळू विक्री केंद्र सुरू झाले. एप्रिल २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने नवे धोरण स्वीकारून आगारांऐवजी लिलावाची पद्धत आणली. दगड भरडून तयार होणाऱ्या कृत्रिम वाळूसही शासनाचे प्रोत्साहन आहे. नदीच्या दृष्टीने ही इष्ट गोष्ट आहे. परंतु कृत्रिम वाळूला दगड लागतो आणि तो दगड माळरानावरच्या खासगी गटांत असतो. जी मंडळी पूर्वी नदीपात्रात उतरण्यासाठी शेतकऱ्याकडे वाट मागत, ती यापुढे त्याचा माळच मागतील, हे ओळखून आताच सावध झालेले बरे.

पंचायत, शिक्षक आणि कर्मचारी

प्रवरा नदी अकोले तालुक्यात रतनगडाच्या परिसरात उगम पावते. त्या तालुक्यातील अनुसूचित क्षेत्रात १९९६ च्या पेसा कायद्याप्रमाणे गौण खनिजांचा पट्टा देण्यापूर्वी ग्रामसभेची वा योग्य पातळीवरील पंचायतीची शिफारस बंधनकारक आहे. खालच्या अंगाला असलेल्या राहुरी तालुक्यास तो कायदा लागू नाही आणि देवळाली प्रवरा येथे तर नगरपरिषद आहे. तथापि ग्रामसभेत विषय मांडण्यास, परवान्यांची माहिती मागण्यास आणि ती फलकावर लावण्यास कोणत्याही कायद्याची आडकाठी नाही. खाणींमुळे बाधा पोहोचलेल्या गावांसाठी २०१५ च्या दुरुस्तीने जिल्हा खनिज प्रतिष्ठानांची तरतूद झाली आहे. त्या निधीतून पाणी, आरोग्य व शिक्षण यांची कामे मागता येतात. त्यासाठी प्रस्ताव मात्र गावाकडून गेला पाहिजे.

पंचायत सदस्याने आपल्या शिवारातील चालू परवान्यांची यादी ठेवावी. शिक्षकांनी वरच्या वर्गांतील मुलांना ब्रासचा हिशेब, सातबाऱ्याचे वाचन आणि करारातील शब्दांचे अर्थ शिकवावेत. घरात आलेला कागद पुष्कळदा प्रथम त्या मुलाच्याच हाती वाचावयास पडतो. महसूल कर्मचाऱ्याने पंचनाम्याची प्रत खातेदाराला त्याच दिवशी द्यावी आणि दंडाची नोटीस काढण्यापूर्वी खोदाई कोणी केली याचा शोध घ्यावा. ज्याने खोदले तो मोकळा आणि ज्याचे नाव सातबाऱ्यावर तो बांधलेला, असे होऊ नये.

भूगर्भातील संपत्ती राज्याच्या वतीने शासनाकडे राहावी, हे तत्त्व सर्वांच्या हिताचे आहे. तिच्यावर एकट्यादुकट्याचा हक्क असता तर ती ज्याच्याजवळ पैसा व यंत्रे आहेत त्याच्या पदरात लवकर गेली असती. परंतु हे तत्त्व शेतकऱ्याला न्याय्य वाटावयाचे असेल, तर त्याचे भूपृष्ठ, त्याचे पीक आणि त्याची संमती यांचाही तितकाच मान राखला गेला पाहिजे. येत्या ग्रामसभेत प्रत्येक गावाने आपल्या शिवारातील खोदाईच्या जागा आणि त्यांचे परवाने यांची नोंदवही सुरू करावी आणि कोणा खातेदाराला करारावर सही करण्यापूर्वी सल्ला हवा असेल, तर तो पंचायतीच्या कार्यालयातच मिळेल अशी व्यवस्था करावी, एवढी विनंती करून हे निवेदन येथे संपविण्यात येत आहे.